थकबाकीची जमीन आणि सातबाऱ्यावरचा बोजा: सातारा-सांगलीत पहिल्यांदा लिलावात उतरणाऱ्यांसाठी

‘कर थकलेल्या मालमत्तेत पैसे गुंतवा आणि घरबसल्या व्याज कमवा’ असे सांगणाऱ्या व्हिडिओंवर विसंबून कुणी तहसील कार्यालयात चौकशीला जाणार असेल, तर आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ती पद्धत अमेरिकेतल्या काही राज्यांची आहे. तिथे मालकाने मालमत्ता कर थकवला की स्थानिक प्रशासन त्या थकबाकीचे प्रमाणपत्र गुंतवणूकदाराला विकते. मालकाने मुदतीत पैसे भरले तर गुंतवणूकदाराला व्याज मिळते, नाही भरले तर पुढची कारवाई करता येते. महाराष्ट्रात असे प्रमाणपत्र विकत मिळत नाही. दुसऱ्याचा शेतसारा किंवा घरपट्टी तुम्ही परस्पर भरलीत, तर हाती फक्त पावती येते, जमिनीत हक्क येत नाही.

आपल्याकडे थकबाकीतली जमीन दोनच वाटांनी मिळते. एक लिलाव. दुसरी म्हणजे मालक आणि धनको यांना एकत्र बसवून केलेली तडजोड. दोन्हींत खरे काम बोली लावण्याआधीचे असते आणि नवखे लोक नेमके तेच वकिलावर किंवा एजंटावर सोडून देतात.

विकणारा कोण, ते आधी ओळखा

लिलावाची जाहिरात हातात आली की किमतीकडे बघण्याआधी सही कुणाची आहे ते बघा. कोणत्या कायद्याखाली विक्री होते आहे, यावर मुदती, अनामत आणि जुन्या बोजांचे, म्हणजे त्या जमिनीवर नोंदलेल्या कर्ज-देण्यांचे, भवितव्य ठरते.

तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा लिलाव महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खाली होतो. मागणीची नोटीस, जप्ती, मग विक्रीचा जाहीरनामा असा त्याचा क्रम. जाहीरनामा चावडीवर आणि तहसील कार्यालयात लागतो. तो लागल्यानंतर किमान ३० दिवस गेल्याशिवाय स्थावर मालमत्तेचा लिलाव करता येत नाही. बोली संपली की सर्वाधिक बोली लावणाऱ्याने जागेवरच २५ टक्के भरायचे असतात, उरलेली रक्कम जाहीरनाम्यातल्या मुदतीत.

इथे एक बारकावा आहे आणि त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. त्याच जमिनीचा महसूल थकला असेल तर कलम १६९ प्रमाणे सरकारचा हक्क सगळ्यांच्या वर असतो. पण शेतसारा इतका किरकोळ असतो की त्यापायी लिलाव क्वचितच होतो. आज निघणारे बहुतेक महसुली लिलाव ‘जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करायच्या’ दुसऱ्याच रकमांचे असतात, उदाहरणार्थ मुरूम-वाळूच्या विनापरवाना उत्खननाचा दंड, रेराचा (बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामकाचा) वसुली आदेश किंवा एखाद्या महामंडळाचे कर्ज. अशा वेळी कलम १८१ खाली विकला जातो तो थकबाकीदाराचा ‘हक्क, अधिकार आणि हितसंबंध’. त्याच्याकडे जितके होते तितकेच तुम्हाला मिळते. जमीन आधीच एखाद्या बँकेकडे गहाण असेल, तर ती गहाण असलेलीच तुमच्या नावावर येईल.

पतसंस्था, विकास सोसायटी किंवा नागरी बँकेचा वसुली अधिकारी विकत असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधले कलम १०१ किंवा १५६ आणि १९६१ च्या नियमांमधला नियम १०७ लागू होतो. या दोन जिल्ह्यांत शेतजमिनीचे सर्वाधिक लिलाव याच वाटेने होतात. यात १५ टक्के जागेवर, उरलेले ८५ टक्के लिलावापासून १५ दिवसांत. हातची किंमत (जिच्या खाली बोली घेतली जात नाही ती) निबंधक कार्यालयाने मंजूर केलेली असावी लागते. त्या मंजुरीच्या पत्राची प्रत मागा.

बँका वापरतात तो सरफेसी कायदा, २००२, म्हणजे थकीत कर्जाचे तारण न्यायालयात न जाता विकू देणारा कायदा. मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहकारी बँकांनाही तो लागू असल्याचे स्पष्ट केले. पतसंस्थांना तो लागू नाही. २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, आणि लेखी संमतीने जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत. पण या कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमिनीला सूट आहे. सरफेसीखाली ‘शेतजमीन’ म्हणून काही विकायला निघाले असेल तर थांबा. सातबाऱ्यावर जिरायत लिहिले आहे एवढ्यावरून ती जमीन सूट मिळण्याजोगी ठरत नाही, प्रत्यक्ष वापर कशासाठी होतो तेही न्यायालये बघतात. कर्जदार मात्र याच मुद्द्यावर ऋणवसुली न्यायाधिकरणात जातो आणि तुमचे पैसे तोपर्यंत अडकून पडतात. बिनशेती प्लॉट, गाळा, बंगला यांच्यासाठी ही वाट ठीक, उसाच्या रानासाठी नाही.

दिवाणी न्यायालयाच्या दरखास्तीतल्या (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतल्या) लिलावात २५ टक्के लगेच आणि बाकी १५ दिवसांत. तिथली कागदपत्रे स्वच्छ असतात, वेळ मात्र फार लागतो.

ग्रामपंचायत, नगरपालिका आणि सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका यांच्या करांची गोष्ट थोडी निराळी आहे. घरपट्टी हा त्या मालमत्तेवरचा पहिला बोजा असतो. शहरात थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, त्यामुळे आठ-दहा वर्षे थकलेल्या गाळ्याची थकबाकी मुळातल्या करापेक्षा कितीतरी मोठी निघते. खरेदी कुठल्याही मार्गाने करा, कर विभागाकडून त्या दिवसापर्यंतचा आकडा लेखी घ्या.

जाहिराती कुठे बघायच्या? तहसील आणि तलाठी कार्यालयाचा फलक, तालुक्याचे सहायक निबंधक कार्यालय, ‘पुढारी’, ‘सकाळ’ आणि साताऱ्यात ‘ऐक्य’ यांमधल्या जाहीर नोटिसा. राष्ट्रीयीकृत बँकांच्या मालमत्ता ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर दिसतात.

तुम्ही ती घेऊ शकता का

लिलाव सरकारी आहे म्हणजे कुणीही घेऊ शकतो, हा समज मोडूनच काढायला हवा. कूळ कायद्याचे कलम ६३ थकबाकी वसुलीच्या आणि न्यायालयीन विक्रीलाही लागू आहे. तुमच्या किंवा तुमच्या घराण्याच्या नावे शेतजमीन नसेल तर शेतजमिनीची बोली लावू नका. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून चालू सातबारा, ८अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि दाखला बोलीआधीच तयार ठेवा.

तुकडेबंदीचेही तसेच. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनंतर प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा विकायला काढला असेल तर नोंद अडेल.

जाहिरातीत क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याच्या जवळपास तेवढेच. ४० आर म्हणजे साधारण एकर. ‘० हे. ८१ आर पैकी १/४ हिस्सा’ असे वाचले तर तुम्हाला दोन एकर दाखवून अर्धा एकर विकला जातो आहे, आणि तोही कुठला ते न सांगता. अविभक्त हिस्सा नवख्या माणसाने घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो घेतला की भावकीविरुद्ध वाटपाचा दावा लावायचा, त्याचा हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचा, मग भूमी अभिलेखची मोजणी, मग ताबा. वर्षे जातात आणि त्या वर्षांत रान दुसराच कसत असतो.

सातबारा वाचण्याची रीत

महाभूलेखवर फुकट दिसणारा उतारा फक्त बघण्यासाठी. कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा घ्या. तो १५ रुपयांना मिळतो. त्याबरोबर ८अ, आणि इतर हक्कात ज्या ज्या फेरफाराचा (सातबाऱ्यात झालेल्या बदलाच्या नोंदीचा) क्रमांक आहे त्या प्रत्येक फेरफाराची प्रत काढा. बोजाची खरी गोष्ट फेरफारात असते, सातबाऱ्यावर फक्त तिची एक ओळ येते.

सर्वांत आधी भूधारणा पद्धत. ‘भोगवटादार वर्ग १’, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी अट नसलेली जमीन, असेल तर पुढे वाचा. ‘वर्ग २’, म्हणजे हस्तांतरणावर अट असलेली, असेल तर का, ते शोधा. साताऱ्यात कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी आणि सांगलीत वारणा या धरणांमुळे विस्थापितांना दिलेल्या जमिनी मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या हस्तांतरणाला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. सिलिंगची (कमाल जमीन धारणा कायद्याखाली वाटलेली) जमीन, वतनाची जमीन, देवस्थान इनाम वर्ग ३ (देवस्थानाला दिलेली जमीन), कूळ कायदा कलम ४३ चा शेरा, या प्रत्येकाची अट वेगळी आहे. देवस्थान इनाम दिसले की तो गट सोडून द्या. लाभक्षेत्रातल्या सातबाऱ्यावर ‘पुनर्वसनासाठी संपादनास पात्र, हस्तांतरणास बंदी’ असा शेराही सापडतो. तो कर्जाचा बोजा नाही, पैसे भरून उतरत नाही. त्यासाठी पुनर्वसन शाखेकडून तो गट वगळल्याचा आदेश लागतो.

मग इतर हक्काचा रकाना. त्यातल्या नोंदी ढोबळमानाने तीन गटांत पडतात.

पहिला गट जिवंत कर्जाचा. विकास सोसायटीचा ‘इकरार’ म्हणजे सहकार कायद्याच्या कलम ४८ खालचा बोजा. तो असताना कर्ज न फेडता केलेले हस्तांतरण रद्दबातल ठरते. त्याच्या खाली जिल्हा मध्यवर्ती बँक, एखादी पतसंस्था, कधी उपसा जलसिंचन संस्था असे एकाखाली एक बोजे असतात. यातला कुणी लिलाव करतो आहे आणि बाकीच्यांचे काय, हा प्रश्न वसुली अधिकाऱ्याला लेखी विचारा. एका पतसंस्थेने जमीन विकली म्हणून तिच्या आधीचा बोजा आपोआप जात नाही. प्रत्येक धनकोकडून आजअखेरचा येणे-बाकीचा दाखला मागवा. आकडा तोंडी सांगितला गेला असेल तर तो आकडाच नाही असे समजा, कारण व्याज आणि वसुली खर्च धरून तो लिलावानंतर वाढतो.

दुसरा गट मेलेल्या बोजांचा. माण, खटाव, जत, आटपाडी भागात ‘तगाई’ (सरकारने शेतकऱ्याला दिलेले कर्ज), ‘बंडिंग बोजा’ (बांधबंदिस्तीच्या खर्चाचा) अशा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या नोंदी अजून सापडतात. रक्कम शे-दोनशे रुपये असते. भूविकास बँकेचेही तसेच. तिच्या कर्जदारांचे कर्ज २०२२ मध्ये राज्य सरकारने माफ केले, पण सातबाऱ्यावरची ओळ कुणी अर्ज केला नाही म्हणून तशीच राहिलेली असू शकते. अशा नोंदींना घाबरायचे कारण नाही. २०२५ मधल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत कालबाह्य नोंदी कमी करण्याचे काम हाती घेतले गेले. तहसीलदारांकडे अर्ज करून त्या उतरवता येतात. उलट अशा नोंदीमुळे बाकीचे बोलीदार बिचकतात आणि माहितगाराला जमीन रास्त भावात मिळते.

तिसरा गट सगळ्यात फसवा, कारण तो बोजासारखा दिसतच नाही. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचे, हिस्से अनेकांचे. बहिणींची नावे कधीच लागली नसतील तर त्यांचा हक्क तुमच्या खरेदीनंतरही उभा राहतो. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता; त्या अज्ञान मुलाच्या मालकीची जमीन पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय गहाण ठेवली असेल तर मूळ कर्जच वादात येते. सामाईक विहिरीची पाळी, वहिवाटीचा रस्ता, दाव्याचा शेरा, सावकाराच्या नावाची खरेदी, हेही याच गटात. शेवटच्या प्रकाराबद्दल विशेष जपा. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन १५ वर्षांपर्यंत मूळ मालकाला परत देण्याचा आदेश होऊ शकतो. स्वस्तात खरेदीखत करून द्यायला उत्सुक असलेला माणूस स्वतः कसत नसेल आणि रानात दुसराच राबत असेल, तर तिथून परत फिरा. ज्याची जमीन अशी गेली त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करून मिळवलेले रान पचत नाही, आणि कायद्यापुढेही टिकत नाही.

सातबाऱ्यावर न येणारे बोजेही असतात. दुय्यम निबंधक कार्यालयात ३० वर्षांचा शोध घ्या आणि सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा सारांश, ‘इंडेक्स टू’) काढा. कारखानदार किंवा व्यापाऱ्याची मालमत्ता असेल तर सरसाईच्या (बँकांकडच्या तारणांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) नोंदवहीत गहाण शोधा. तिथे नोंद झालेल्या बँकेचा हक्क राज्याच्या विक्रीकराच्याही आधी येतो, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात २०२२ मध्ये सांगितले. ई-कोर्ट्सवर मालकाच्या आणि त्याच्या वडिलांच्या नावाने सातारा, कराड, सांगली, मिरज जिथे लागू असेल तिथले दावे तपासा. महावितरणची थकबाकी त्या जागेच्या ग्राहक क्रमांकावर बघा. ताकारी, म्हैसाळ, टेंभूच्या किंवा साताऱ्यातल्या कालव्यांच्या लाभक्षेत्रात असाल तर पाटबंधारे शाखेतून पाणीपट्टीचा उतारा घ्या.

‘आकारी पड’ आणि सरकारजमा

काही सातबाऱ्यांवर मालकाच्या जागी ‘सरकार’ आणि शेरा ‘आकारी पड’ असतो. महसूल थकल्यामुळे लिलाव काढला, बोली आली नाही आणि सरकारने नाममात्र बोलीत जमीन स्वतःकडे घेतली, अशा या जमिनी. महसूल अधिनियमाच्या कलम २२० प्रमाणे १२ वर्षांच्या आत थकबाकी भरून मूळ खातेदाराला त्या परत मिळू शकतात. बारा वर्षे उलटून गेलेल्यांसाठी जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की प्रचलित बाजारमूल्याच्या ५ टक्के रक्कम भरून मूळ मालक किंवा वारसांना त्या द्याव्यात. परत मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर आणि वापरावर काही वर्षांची बंधने आहेत. म्हणून ‘वारसाला पाच टक्के आपण भरू, मग जमीन आपल्या नावावर घेऊ’ अशी साठेखते कुणी दाखवली तर सही करू नका. ही सवलत ज्या कुटुंबांनी जमीन गमावली त्यांच्यासाठी आहे. तुमच्या स्वतःच्या आजोबा-पणजोबांची जमीन आकारी पड असेल तर मात्र जुने फेरफार काढून आजच तहसीलदारांकडे अर्ज करा.

रानात जाऊन काय बघायचे

नकाशा मोबाइलवर महाभूनकाशावर मिळतो, पण बांधावर उभे राहिल्याशिवाय बोली लावू नका. पीक कोणाचे उभे आहे? ई-पीक पाहणीत नाव कुणाचे आहे? वसुली अधिकाऱ्याकडे प्रतीकात्मक ताबा आहे की प्रत्यक्ष? प्रतीकात्मक म्हणजे दारावर कागद चिकटवलेला. माणसे आतच असतात. ताबा कोण, किती दिवसांत देणार हे लिलावाच्या अटींत नसेल तर लेखी मागा.

रस्ता नकाशावर नसेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ किंवा महसूल अधिनियमाचे कलम १४३ आहे. पण अर्ज, पंचनामा, अपील धरून एक हंगाम तरी जातोच. तेवढी किंमत बोलीतून वजा करा.

जमिनीचा प्रकार भागाप्रमाणे बघा. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत कृष्णाकाठचे काळे रान क्षारपड झाले आहे का ते तपासा: पांढरट साय, लव्हाळा, उसाचे ठिपके-ठिपके. पाटबंधारे विभागाकडून पूररेषेचा नकाशा बघा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होत नाही, आणि २०१९ व २०२१ चे पाणी कुठवर आले होते ते शेजारचा शेतकरी हात उंचावून दाखवेल. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथला ‘स्वस्त प्लॉट’ बांधकामाची परवानगी तपासल्याशिवाय घेऊ नका. माण, जत, आटपाडीत पाणी योजनेचे आहे की टँकरचे, हा एकच प्रश्न भाव ठरवतो.

पैशांचा हिशेब

समजा खटाव तालुक्यातले ४० गुंठे जिरायत पतसंस्थेच्या लिलावात १२ लाखांना सुटले. जागेवर १५ टक्के म्हणजे १,८०,००० रुपये. पंधरा दिवसांत उरलेले १०,२०,०००. विक्री दाखल्यासाठी मुद्रांक ग्रामीण भागात ५ टक्क्यांच्या आसपास धरला तर ६०,००० (नगरपालिका-महानगरपालिका हद्दीत तो सुमारे ६ टक्के पडतो). नोंदणी फी १ टक्का, म्हणजे १२,०००. तिची कमाल ३०,००० आहे. शोध, वकील, हद्द कायम मोजणी, बांध घालणे यांसाठी निदान ५० हजार वेगळे ठेवा. शेतजमीन नसलेली मालमत्ता ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीची असेल तर १ टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते.

पंधरा दिवसांत कुठलीही बँक लिलावाच्या शेतजमिनीवर कर्ज मंजूर करून रक्कम हातात देत नाही. पैसे आधी हातात असायला हवेत. मुदत चुकली की १५ टक्के जप्त होतात आणि फेरलिलाव निघतो. कमाल बोली कागदावर लिहून न्या आणि समोरच्या दोघांची चुरस लागली तरी तिच्या वर जाऊ नका.

बोली सुटल्यावरचे ३० दिवस

हातोडा पडला म्हणजे जमीन तुमची झाली, असे नाही. महसुली आणि सहकारी दोन्ही लिलावांत ३० दिवस थकबाकीदाराला आणि त्या जमिनीत हितसंबंध असलेल्यांना संधी असते. त्याने थकबाकी, खर्च आणि खरेदी रकमेच्या ५ टक्के रक्कम भरली तर विक्री रद्द होते. वरच्या उदाहरणात तुम्हाला १२ लाख परत आणि वर ६० हजार मिळतील. त्यावर चिडू नका; ज्याची जमीन आहे त्याने ती वाचवली, हा निकाल कायद्याला अभिप्रेतच आहे. जाहीरनाम्यात गंभीर चूक, लबाडी किंवा अनियमितता दाखवूनही याच मुदतीत अर्ज होतो. म्हणून बोलीच्या दिवशी पंचनामा, जाहीरनामा चावडीवर चिकटवल्याचा अहवाल आणि वृत्तपत्राचे कात्रण यांच्या प्रती स्वतःकडे घ्या. बहुतेक लिलाव रद्द होतात ते किमतीवरून नाही, नोटीस थकबाकीदाराला पोचलीच नाही यावरून.

या ३० दिवसांत त्या रानात नांगर घालू नका, विहीर खोदू नका, कुणाला विकण्याचे साठेखत करू नका. विक्री कायम झाल्याचा आदेश, मग विक्री दाखला, मग ताबा हा क्रम पाळा. दाखल्यात गट क्रमांक, हिस्सा, क्षेत्र आणि चतुःसीमा सातबाऱ्याशी जुळतात का ते सहीआधी तपासा. एका आराची चूक पुढे वर्षभराची दुरुस्ती मागते.

लिलाव टाळणारी वाट

नवख्याला आम्ही आधी हीच सुचवतो. जप्तीची नोटीस लागली आहे, लिलाव अजून झालेला नाही, अशा मालकाकडे जा आणि बँकेची एकरकमी परतफेड योजना उघडी आहे का ते विचारा. योजना उघडी असते तेव्हा बहुतेक पतसंस्था आणि बँका व्याजात सूट देतात. समजा येणे-बाकी ९ लाख आहे, योजनेत साडेसहा लाखांत मिटते आणि जमिनीचा भाव १४ लाख आहे. लिलावात ती कदाचित १० लाखांत जाईल, मालकाच्या हाती जेमतेम काही राहील. तडजोडीत तुम्ही १३ लाख देता. साडेसहा लाख थेट बँकेच्या कर्जखात्यात, उरलेले साडेसहा लाख मालकाच्या खात्यात. तुम्हाला स्वच्छ खरेदीखत मिळते, मालक गावात मान खाली घालून फिरत नाही, आणि शेजारी म्हणून तो तुमच्या बांधावर भांडत नाही.

यात पैसे मालकाच्या हातात आधी कधीच द्यायचे नाहीत. बँकेचे मंजुरीपत्र, त्यातली रक्कम आणि शेवटची तारीख लेखी. मग मालक, बँक आणि तुम्ही असा त्रिपक्षीय करार. मालकाच्या बायकोची, मुलांची, बहिणींची संमती त्याच वेळी. बँकेत धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) जमा करून निरंक दाखला (काही येणे नसल्याचा) हाती घ्या आणि त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात, दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत. मध्ये अंतर पडले की दुसरा धनको जप्ती घेऊन येतो.

बोजा उतरवणे आणि नाव लावणे

पूर्ण फेड झाली की धनकोकडून तीन कागद घ्या: निरंक दाखला, तलाठ्याच्या नावे बोजा कमी करण्याचे पत्र, आणि मूळ कागदपत्रे परत दिल्याची यादी. नोंदणीकृत गहाणखत असेल तर पत्र पुरत नाही, नोंदणीकृत मुक्तीलेख लागतो. संस्था अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळायला काढली, असेल तर सही ते काम बघणाऱ्या अवसायकाची. तो कोण आहे हे उपनिबंधक कार्यालय सांगते. जप्तीचा शेरा बँकेच्या पत्राने जात नाही. ज्या अधिकाऱ्याने जप्ती केली त्याचाच उठवल्याचा आदेश लागतो.

अर्ज ई-हक्क प्रणालीतून करता येतो. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला तलाठी, महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे फेरफार धरतो, हितसंबंधितांना १५ दिवसांची नोटीस जाते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ‘आपली चावडी’वर तुमच्या गावाची नोटीस लागली का ते रोज बघा. बोजा कमी करण्याचा आणि विक्री दाखल्यावरून नाव लावण्याचा असे दोन वेगळे अर्ज करा. एकत्र दिले तर एकात त्रुटी निघाली की दुसराही अडतो.

नोंद नामंजूर झाली तर कारण लेखी घ्या आणि ६० दिवसांत प्रांतांकडे अपील करा. आदेशाची प्रत मिळण्यात गेलेले दिवस त्यात धरले जात नाहीत, म्हणून नक्कल अर्जाची पावती जपून ठेवा. नाव लागले की त्याच हंगामात ई-पीक पाहणी स्वतःच्या मोबाइलवरून नोंदवा, चालू वर्षाचा सारा भरून पावती घ्या आणि हद्द कायम मोजणीचा अर्ज पावसाआधी टाका, म्हणजे पेरणी होण्यापूर्वी मोजणीदाराला खुणा रोवता येतील.